तेराव्या महिन्याची चूक

‘दुसरा.’

कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईने, स्वतःच्याच अक्षरात लिहिलेला हा शब्द आभारींनी तीनदा वाचला. तिन्ही वेळा तो तिथेच होता. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. चष्मा निर्दोष निघाला. आभारी खाली बसले. खुर्ची तिथे होती म्हणून बरं, कारण बसण्यापूर्वी त्यांनी ती पाहिली नव्हती.

आभारी हे काही त्यांचं नाव नव्हे. ज्यू मदत संस्थेत एकतीस वर्षं ते देणगीदारांना पत्रं लिहीत होते आणि प्रत्येक पत्राखाली ‘आपला आभारी’ असं लिहून सही करत होते. सही कुणालाच वाचता येत नसे, म्हणून लोकांनी तिच्या आधीचा शब्द नाव म्हणून धरला. रागावल्यावर बायकोसुद्धा त्याच नावाने हाक मारी.

संस्थेचा एक वृद्धाश्रम होता, तीन मजली. तो देणग्यांवर चाले आणि देणग्या आभारींच्या कपाटावर चालत. कपाटात कार्डं होती, एका घराला एक. कुणाचा गुडघा बदललाय, कुणाची नात परीक्षेला बसलीय, कुणाकडे जावयाचं नाव काढायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणाचं माणूस कधी गेलं, हे सगळं त्यांवर असे. पहिल्या संचालकांनी नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना सांगितलं होतं, “देणगीदार म्हणजे पैसे देणारा माणूस नव्हे. तो नुसता माणूस असतो, अधूनमधून पैसे देतो. पत्रात पैशाचा शब्द दिसला तर त्या दिवशीचा चहा बंद.” आभारींना चहा प्रिय होता. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही. फक्त दर वर्षी, माणूस गेल्याच्या दिवसाच्या पंधरवडा आधी, एक पत्र पाठवलं: आपल्या मुलीचा, आईचा, नवऱ्याचा दिवस अमुक तारखेला सूर्यास्तापासून सुरू होतो. सोबत काचेच्या पेल्यातली एक मेणबत्ती, एक रात्र आणि एक दिवस जळणारी. लोक मेणबत्ती लावत, सिनेगॉगमध्ये जाऊन मृतासाठीची कद्दिश ही प्रार्थना म्हणत, आणि नंतर आपणहून संस्थेला काहीतरी पाठवत.

आता घोळ असा, की ज्यूंच्या पंचांगात दर दोन-तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. त्या वर्षी अदार महिना दोनदा येतो, पहिला आणि दुसरा, आणि वर्ष तेरा महिन्यांचं होतं. साध्या वर्षी अदारमध्ये गेलेल्यांचा दिवस ही संस्था पहिल्या अदारमध्ये पाळत असे. पण जो तेरा महिन्यांच्या वर्षात, दुसऱ्याच अदारमध्ये गेला, त्याचा दिवस दुसऱ्यातच. कपाटात असं एकच कार्ड होतं. काचवाल्यांच्या मुलीचं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती गेली, सव्वीस वर्षांची. तेव्हापासून तेरा महिन्यांची वर्षं सहा वेळा आली होती आणि सहाही वेळा आभारींनी पत्र बरोबर महिन्यात पाठवलं होतं. हे सातवं वर्ष. यंदा नव्या संचालिकेने सगळी नावं कॉम्प्युटरवर चढवून घेतली होती. यादीत नुसतं ‘अदार’ आलं. आभारींनी यादी पाहिली, कार्ड उघडलं नाही आणि पहिल्या अदारची तारीख घालून पत्र टाकलं.

म्हणजे महिन्यापूर्वी काचवाल्यांनी आपल्या मुलीचा दिवस पाळला तेव्हा तो तिचा दिवस नव्हता. तिचा दिवस आज संध्याकाळी सहा सत्तावीसला सुरू होत होता. आत्ता सकाळचे अकरा वाजले होते.

संचालिका पूर्वी शाम्पूच्या कंपनीत होत्या. त्यांनी आल्या आल्या देणगीदारांचे सोनेरी, रुपेरी आणि ‘इतर’ असे भाग पाडले होते. आभारींचा बहुतेक पत्रव्यवहार ‘इतर’शी होता. पण काचवाले सोनेरी होते. अर्ध्या शहराच्या खिडक्यांना त्यांची काच होती.

“मॅडम, एक चूक झालीय.”

“किती आकडी?”

“आकडी नाही. महिन्याची.” आभारींनी सगळं सांगितलं.

“त्यांना कळलंय?”

“नाही.”

“कळेल?”

“अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. तारीख बघणं त्यांनी माझ्यावर सोडलंय.”

“मग प्रश्न काय आहे, काका?”

आभारींनी थोडा विचार केला. “आज तिचा दिवस आहे,” ते म्हणाले, “आणि तिच्यासाठी कुणी काही करणार नाही.”

मॅडम उठल्या आणि दार लावून घेतलं. आभारींना बंद दाराची भीती वाटे. उघड्याचीही वाटे, पण वेगळी.

“तिसऱ्या मजल्यावर अकरा जण आहेत,” मॅडम म्हणाल्या. “लिफ्ट बंद पडल्यापासून, पाच महिने, ते खाली उतरलेले नाहीत. पियानोवाल्या आजी मला रोज विचारतात, खालचं झाड आहे का अजून? परवा काचवाले नव्या लिफ्टच्या कागदावर सही करणार. परवा! आणि त्या अनाथाश्रमाचं काय झालं, ते तुम्हीच मला सांगितलंत ना?”

त्या अनाथाश्रमाने काचवाल्यांच्या मुलीच्या नावाची पाटी जिथे लावली होती, तिथे दार उघडलं की ती झाकली जाई. काचवाल्यांनी ते एकदा पाहिलं. पुन्हा त्या आश्रमाने त्यांना पाहिलं नाही.

“जाऊ नका असं मी म्हणत नाही,” मॅडम म्हणाल्या. “मी म्हणते, सही झाल्यावर, शुक्रवारी जा.”

“शुक्रवारी दिवस संपलेला असेल.”

“तेच तर.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “मलाही वर विचारणारे आहेत हो, काका.”

आभारींना पहिल्यांदाच कळलं की ही बाईही घाबरते. त्यामुळे त्यांना धीर यायला हवा होता. उलट भीती दुप्पट झाली.

दुपारी ते जेवायला घरी आले आणि ताटासमोर नुसते बसून राहिले.

“काय झालं? कुत्रं मागे लागलं?” बायकोने विचारलं.

“नाही.”

“डॉक्टरांचा फोन?”

“नाही.”

“रजिस्टर पत्र आलं?”

आभारींच्या भीतीची यादी तिला पाठ होती. यादीत नसलेलं काही असावं असं पाहून ती पदर आवरून समोर बसली. आभारींनी सांगितलं. ती ऐकताना त्यांच्या ताटातलं थोडं थोडं खात होती, कारण ते वाया जाणार हे तिला दिसत होतं.

“मॅडम म्हणतात सांगू नका.”

“मग नका सांगू.”

“खरंच?”

“खरंच. पण मग आज अंथरुणात उठून बसायचं नाही. उद्याही नाही. दर वर्षी ह्या दिवशी मला उठवून ‘ऐकलंस का’ म्हणायचं नाही.”

“मी काय मुद्दाम उठवतो?”

“पंचवीस वर्षांपूर्वी एका बाईंच्या गेलेल्या नवऱ्याचं वय चुकीचं लिहिलंत. अजून उठता.”

“ते एकाहत्तर होतं,” आभारी म्हणाले. “मी सत्याहत्तर लिहिलं.”

“बघा.”

आभारींनी ताट तिच्याकडे सरकवलं.

“ते ओरडले तर?”

“ओरडतील.”

“हाकलून दिलं तर?”

“घरी या. पत्ता आहे ना?”

आभारींनी संस्थेतून आणलेली मेणबत्ती कोटाच्या खिशात घातली. पेल्यामुळे खिसा फुगला. बायकोने तो वरून दाबून पाहिला, फुगा काही बसला नाही, तेव्हा तिने कोटाचं वरचं बटण लावून दिलं. खिशाचा आणि त्या बटणाचा काही संबंध नव्हता.

काचवाल्यांचं घर दोन बस बदलून होतं. पहिली बस चुकावी असं आभारींना वाटत होतं. ती त्यांच्यासाठी थांबली. जिन्यावर त्यांनी मनातल्या मनात वाक्य तयार केलं, मग त्यातला कर्ता काढून टाकला, म्हणजे चूक ‘झाली’, कुणी ‘केली’ नाही. दारावरची घंटा बिघडलेली असावी अशी शेवटची आशा होती. घंटा खणखणीत वाजली. भित्र्या माणसाच्या वाट्याला नेहमी चालू घंटा येतात.

दार काचवाल्यांना सांभाळणाऱ्या बाईंनी उघडलं. काचवाले खिडकीपाशी बसले होते. बारीक, ताठ, आणि पांढऱ्या सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलेले.

“ये ये! तुझीच आठवण काढली होती. बस. त्या खुर्चीत नको, ती फक्त दिसायला आहे.”

आभारी दुसऱ्या खुर्चीत बसले. वाक्य तोंडाशी होतं.

“साहेब, मी एक सांगायला...”

“आधी माझं ऐक. गेल्या महिन्याचं तुला सांगायचं राहिलंय. तिच्या दिवसाचं.” काचवाले पुढे सरकले. “सिनेगॉगमध्ये गेलो. कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि आहेत किती? नऊ. दहावा होता तो गेल्या वर्षी वारला. आता आणायचा कुठून? मग मी काय केलं असेल?”

“काय?”

“भावाला फोन केला.”

आभारींना कार्ड आठवलं. काचवाल्यांच्या कार्डावर तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: भावाचा विषय नको. चौदा वर्षांपूर्वी वडिलांच्या टेबलावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं.

“म्हटलं, ये. तो म्हणाला, टेबलाचं काय? मी म्हटलं, टेबल राहू दे, तू ये. आला! टोपी विसरून आला, पण आला. माझ्या शेजारी उभा राहिला. मी म्हटली प्रार्थना, मोठ्याने. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मधे अडलो नाही. आणि घरी येऊन सात तास झोपलो. सात! सकाळी ह्या बाईंना वाटलं, मी गेलो. नाकापुढे आरसा धरला त्यांनी.”

“आरसा नाही,” आतून बाई म्हणाल्या. “चमचा होता.”

काचवाले हसले. आभारींनी त्यांना इतक्या वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. दात छान होते.

आता सांगणं म्हणजे काय, हे आभारींना कळलं. लिफ्टचं सोडा. ह्या माणसाची सात तासांची झोप परत घ्यायची होती. भाऊ परत घ्यायचा होता. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. ते उठले. उठायचं हे त्यांच्या पायांनीच ठरवलं होतं, आणि पाय समजूतदार होते.

“निघतो, साहेब. सहज आलो होतो.”

“सांगायचं होतं ना काही?”

“परवाच्या सहीचं. येतो परवा.”

ते दारापर्यंत पोचले. बाईंनी कडीला हात घातला होता.

“आभारी,” मागून काचवाले म्हणाले. आवाज आता हसरा नव्हता, लहान झाला होता. “तुला ह्यातलं कळतं म्हणून विचारतो. तिला पोचलं असेल ना रे?”

आभारींना तिथून निघून जायची इतकी इच्छा आयुष्यात कधी झाली नव्हती. ‘हो’ म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. त्यांनी तोंड उघडलं.

“साहेब,” ते म्हणाले, “तो दिवस तिचा नव्हता.”

मग त्यांनी दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. पहिला अदार, दुसरा अदार. जिन्यावर तयार केलेलं वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक.

काचवाले खिडकीकडे वळले. आतला नळ बाईंनी बंद केला.

“पत्र कुणी लिहिलं?”

“मी.”

“यादी चुकली?”

इथे सुटका होती. नाव घ्यायला संचालिका होत्या, कॉम्प्युटर होता.

“यादीत अर्धंच होतं. पूर्ण माझ्या कार्डावर होतं. मी कार्ड उघडलं नाही.”

“का?”

आभारींनी कारण शोधलं. डोळे दुखत होते म्हणावं, काम फार होतं म्हणावं.

“कंटाळा आला होता,” ते म्हणाले.

काचवाल्यांनी मान हलवली. जणू काच किती जाडीची आहे ते त्यांना सांगितलं गेलं होतं. “सूर्य कधी मावळतो?”

“सहा सत्तावीस.”

“लिफ्ट वरच्या म्हाताऱ्यांसाठी आहे. ती होईल. परवा कागद दुसऱ्या कुणाकडे तरी पाठवा.” एकोणीस वर्षं ते आभारींना ‘तू’ म्हणत होते. “आणि मला आता पत्र पाठवू नका. तारीख माझी मी बघेन.”

आभारींनी खिशातून मेणबत्ती काढून पुढे केली. काचवाल्यांनी ती घेतली नाही. बाईंनी घेतली, पदराने पेला पुसला आणि मुलीच्या फोटोपुढे ठेवली.

मग काचवाल्यांनी फोन मागवला आणि भावाचा नंबर पाठ म्हणून दाखवत फिरवला.

“मी आहे. आज ये... हो, परत... नाही, दोनदा नाही गेली ती, एकदाच गेली. तेव्हाचा दिवस चुकला... मी कशाला चुकवीन? ... बरं. बरं. झोप.” त्यांनी फोन ठेवला. “कंबर धरलीय म्हणतो.”

सहा वाजून पाच मिनिटांनी ते सिनेगॉगमध्ये पोचले. काचवाले आणि बाई टॅक्सीने आले. आभारींना कुणी ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. ते बसने आले. सिनेगॉगचा रखवालदार माणसं मोजत होता. ज्यूंमध्ये माणसं सरळ मोजणं वाईट समजतात, म्हणून तो प्रत्येकाकडे पाहून मोजत होता, “एक नाही, दोन नाही, तीन नाही...” आभारींपाशी येऊन तो म्हणाला, “नऊ नाही,” आणि थांबला, कारण पुढे कुणीच नव्हतं.

“दहावा?”

जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. आठ जण सत्तरीपुढचे होते. नववे आभारी.

रखवालदाराने तीन फोन केले. नेहमीच्यांपैकी एक गावाला गेला होता, एक बहिरा होता, एकाची बायको म्हणाली, “आत्ता?” काचवाले पुढच्या बाकावर दाराकडे तोंड करून बसले होते. हातातलं पुस्तक उघडं होतं, पण ते वाचत नव्हते.

“रस्त्यावर बघावं लागेल,” रखवालदार म्हणाला, आणि सगळ्यांनी आभारींकडे पाहिलं.

रस्त्यावर अनोळखी माणसाला थांबवून ‘आपण ज्यू आहात का’ असं विचारायचं. आभारींच्या वडिलांनी त्यांना लहानपणी दोन गोष्टी शिकवल्या होत्या: हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर द्यायचं नाही, आणि विचारणाऱ्याच्या हातात काय आहे ते आधी बघायचं. वडिलांना हे कुठे शिकावं लागलं, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

आभारी बाहेर आले. समोर कामावरून घरी जाणारी गर्दी होती. त्यांनी कोटाचं बटण लावलं. ते लावलेलंच होतं.

“माफ करा,” त्यांनी पहिल्या माणसाला म्हटलं, “आपण ज्यू आहात का?”

तो माणूस घड्याळ बघत निघून गेला. दुसऱ्याला नीट ऐकू गेलं नाही, आणि आभारींना प्रश्न पुन्हा, मोठ्याने विचारावा लागला. चार माना वळल्या. तिसरा थांबला. रुंद खांद्यांचा होता. तो दोन पावलं जवळ आला.

“का? काय करायचंय तुला?”

आभारींनी त्याच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते, पण मोठे होते.

“काही नाही. एक माणूस कमी आहे.”

“कमीच राहू दे,” तो म्हणाला आणि आभारींच्या बुटाशेजारी थुंकून गेला. बुटाशेजारी, बुटावर नाही. आभारींनी ह्याची नोंद घेतली. त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि चौथ्याला विचारलं. मग पाचव्याला. आकाश तांबडं होऊन आता राखाडी व्हायला लागलं होतं. आठवा एक रंगारी होता, खांद्यावर शिडी आणि हातात डबा.

“माफ करा, आपण ज्यू आहात का?”

रंगारी थांबला. शिडीचं मागचं टोक फिरून एका बाईच्या टोपीला लागता लागता राहिलं.

“कोण विचारतंय?”

“मी,” आभारी म्हणाले. “मीपण आहे.”

रंगाऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आई होती,” तो म्हणाला. “बाप नव्हता. चालतं का?”

“आईच लागते.”

“मला काही येत नाही पण.”

“‘आमेन’ येतं?”

“ते येतं.”

“तेवढंच लागतं. एका मुलीसाठी आहे. पंधरा मिनिटांचं काम.”

“शिडी बाहेर ठेवली तर जाईल हो.”

“आत घेऊ,” आभारी म्हणाले आणि शिडीचं मागचं टोक त्यांनी खांद्यावर घेतलं. ओला पांढरा रंग कोटाला लागला. दार अरुंद होतं. आधी शिडी आत गेली, मग रंगारी, मग पुन्हा शिडी, आणि सगळ्यात शेवटी आभारी.

“नऊ नाही,” रखवालदार म्हणाला, “दहा नाही.”

पुढच्या बाकावरून काचवाले उठले, आणि त्यांनी टोपी सरळ केली.